वायरलेसवरचं निरंक

त्या वायरलेसच्या जीपची मला अजून शिसारी येते. जीपचा काय दोष म्हणा, बोलणारी मी होते.

गोदावरीचा पूर ओसरल्यावर पालमकडच्या एका गावात मला नर्स म्हणून पाठवलं. जीपमध्येच वायरलेस, तेव्हा ही नवलाई होती. रोज सकाळी छावणीत हगवण-उलटीचे रुग्ण किती ते जिल्ह्याला कळवायचं, तेवढ्या सलाइनच्या बाटल्या दुपारी यायच्या. एकही नसला तर म्हणायचं, निरंक.

छावणी म्हणजे शाळा. बौद्धवाड्यातली घरं सगळ्यांत आधी बुडाली, पण ती माणसं रस्त्यापलीकडं ताडपत्रीखाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणापासून गावानं त्यांच्याशी बोलणं टाकलेलं. पुरात गुरं वाहून गेली, गावाचा विटाळ तेवढा जागच्या जागी राहिला.

डॉक्टरसाहेब सांगायचे, "छावणीत निरंक." मी बटण दाबून तेच म्हणायचे. शाळेत खरंच कुणी आजारी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली गेले, तर गावची सुईण घाणीत पडलेली, डोळे खोल गेलेले. शाळेत बसलेल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिनंच कापलेल्या. साखर-मिठाचं पाणी पाजलं, ते पोटात ठरेना.

"मावशी, शाळेत चला."

"नगं बाई. बाळंतपणाला बोलवतेत, बसायला न्हाई. तुमी सुई लावा, लय झालं."

सुई होती, बाटली नव्हती. मी जीपकडं पळाले. डॉक्टरसाहेब पोहे खात होते.

"छावणीबाहेरचा रुग्ण कुठल्या रकान्यात घालू? आणि सकाळीच निरंक गेलंय. आता रुग्ण दाखवला तर वरून विचारणा येईल. उद्या बघू."

वायरलेस हाताशी होता. एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही. नोकरी नवी होती, असं पुढं कितीतरी जणांना सांगितलं. त्या कारणाचीही आता किळस येते.

सुईण पहाटे गेली. सकाळी वायरलेसवर नवा प्रश्न आला, छावणीत मृत्यू किती? डॉक्टरसाहेब पोह्यांची बशी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिले. मी बटण दाबलं आणि स्वच्छ आवाजात निरंक म्हणाले.

जीपमधून उतरले, तोच शाळेतली एक म्हातारी लगबगीनं पुढं आली.

"बाई, सून अडलीय. पलीकडच्या सुईणीला बोलवा की."