दोनदा घेतलेल्या सह्या

आमची खानावळ लालबागला, चाळीच्या तळमजल्यावर. गिरणीतले चाळीस-पंचेचाळीस गडी जेवायला, बहुतेक सगळे कोकणातले, आणि तीन पाळ्यांमुळे पंगती सकाळपासून चालू. एवढी माणसं डोक्यात राहत नाहीत, म्हणून चुलीसमोरच्या भिंतीवर मी याद्या लावायची. कोण कुठल्या पाळीला, कोणाचा सोमवारचा उपास, कोण गावी गेलाय. यादी बदलली की जुनी चुलीत. सासूबाई म्हणायच्या, "यम न्यायला आला तर ही त्यालाच विचारील, तुझी यादी दाखव आधी."

मुलीची यादी मात्र वेगळी, देवाच्या फळीखाली. त्या यादीला सासूबाई हसत नसत. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. सातव्या वर्षी तिला सांधे सुजवणारा ताप आला आणि जाताना हृदयाच्या झडपेवर खूण ठेवून गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन, मोठी होईपर्यंत, एकही चुकवायचं नाही. ताप उलटला तर झडप कामातून जाईल. मी वर्षभराचे सोमवार लिहून ठेवले होते. इंजेक्शन झालं की त्या सोमवारावर काट मारायची.

हे औषध तेव्हा परदेशातून यायचं. दुकानांत कधी मिळे, कधी महिना-महिना नाही. लष्कराच्या इस्पितळात मात्र साठा कायम असे आणि तिथे जाण्याचा आम्हाला हक्क होता. आमचे हे मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात होते. मांडीत गोळी लागून पाय आखडला, तेव्हा हवालदार म्हणून घरी आले. त्यांच्या डिस्चार्जच्या कागदावर शिक्क्याखाली लिहिलं होतं की स्वतः हवालदार, त्यांची पत्नी आणि मुलं यांना लष्करी इस्पितळात उपचार मिळतील. पुढे ते एका गिरणीच्या फाटकावर पहारेकरी झाले. तो कागद ट्रंकेत, गणवेशाच्या घडीत.

महाराष्ट्र राज्य होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जुलैच्या वीस तारखेला, सोमवारी, मुलीचं इंजेक्शन झालं आणि इस्पितळाच्या खिडकीवरच्या कारकुनाने तिचं उपचारांचं पुस्तक परत देताना सांगितलं, "बाई, एक ऑगस्टपासून फक्त जवानाला. कुटुंबाला नाही. वरून पत्रक आलंय."

मी म्हटलं, "पत्रक वाचून दाखवा."

त्याने वाचलं, मी पिशवीतल्या कागदावर उतरवून घेतलं. पुढचं इंजेक्शन दहा ऑगस्टला होतं. एक तारखेच्या आत काही झालं तरच ते मिळणार होतं. ट्राममध्ये बसल्या बसल्या मी कामांची यादी केली.

घरी यांना सांगितलं. हे चहा पीत होते. बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हुकूम आहे. हुकमावर अर्ज करत नाहीत."

"तुम्ही नका करू. मी कुठे फौजेत होते?"

संध्याकाळी यांनी ट्रंक उघडून कागद तेवढा माझ्या हातात दिला.

आमच्या भागाचे आमदार संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या बाजूने निवडून आलेले. मीही त्यांनाच मत दिलं होतं. मोर्च्यांना गेले होते, अश्रुधुराने डोळे चुरचुरले होते, हे सगळं त्यांना माहीत होतं. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी पत्रकाची नक्कल दोनदा वाचली.

"वहिनी, लष्कर दिल्लीचं. मी विधानसभेत कितीही गळा काढला तरी तिथे ऐकू जायचं नाही. पण माजी सैनिकांसाठी इथे आमदारांची एक समिती आहे. तिने शिफारस केली तर दिल्लीला उत्तर द्यावं लागतं."

"समितीत कोण?"

"प्रमुख सत्ताधाऱ्यांतले आहेत, दादरला राहतात." ते हसले. "मी शब्द टाकला तर मुद्दाम उलटं करतील. तुम्ही स्वतः जा. आणि एकट्या जाऊ नका, तीस-चाळीस फौजी घरांच्या सह्या घेऊन जा. भेटीची वेळ कोणाकडून तरी मिळवून देतो."

वेळ मिळाली गुरुवारची, तीस तारखेची, सकाळी दहाची.

सह्या कुठे मिळतील हे मला विचारावं लागलं नाही. माझ्याकडे जेवणाऱ्या निम्म्या गड्यांचा बाप, चुलता नाहीतर भाऊ फौजेत. अर्ज मी चांगल्या कागदावर स्वतः लिहिला, डाग पडू नये म्हणून पेटीत ठेवला, आणि सह्यांसाठी पाच कोरे कागद हात धुण्याच्या पिंपाजवळ फळीवर ठेवले. शेजारी दौत-टाक. सुभेदारकाकांना म्हटलं, "लक्ष ठेवा." सुभेदारकाका म्हणजे मालवणकडचे निवृत्त सुभेदार, बायको गेल्यापासून दोन्ही वेळा माझ्याकडेच जेवायचे. चाळीतल्या फौजी घरांतही त्यांनीच कागद फिरवले.

मंगळवारी दुपारपर्यंत पाचही कागद भरले. दुसरी पंगत उठल्यावर मी पदराला हात पुसून मोजायला बसले आणि तशीच बसून राहिले.

प्रत्येक कागदाच्या पहिल्या ओळीत, मोठ्या अक्षरांत, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' एकावर खाली दोन रेघा मारलेल्या. दुसऱ्यावर समासात कोणीतरी लिहिलेलं, 'तुरुंगात जाण्यास तयार आहे', आणि त्याखाली आणखी चौघांनी 'मीपण'.

त्या वर्षांत सह्यांचा कागद आठवड्याला एक तरी यायचा. कुठला, हे कोणी विचारत नसे. पहिली सही करणाऱ्याने वर घोषणा लिहायची आणि बाकीच्यांनी खाली नावं, अशी गिरणगावात रीतच पडली होती. आणि मी यादीवाली बाई, मीच कागद कोरे ठेवले होते. डोक्यावर एक ओळ लिहिली असती तर हे झालं नसतं.

सुभेदारकाकांनी चष्मा चढवला, एक कागद लांब धरून वाचला आणि खो खो हसले. "गे बाय, हो कागद घेवन गेलंस तर तो तुका चाय पण देवचो नाय."

"काका, तुम्ही तिथेच बसला होता ना?"

"बसान होतंय. माझी सही खय आसा बघ, दुसऱ्या कागदार. घोषणा माझीच."

कागद बघून हे म्हणाले, "आता राहू दे. आमदारांना दे, ते चळवळीत वापरतील."

तसं करता आलं असतं. आमदारांना ते कागद आवडलेही असते. पण त्या कागदांनी सभेत घोषणा झाली असती, पोरीचं इंजेक्शन झालं नसतं. मंगळवारची दुपार, सगळा बुधवार आणि गुरुवारी पहाटे सुटणारी रात्रपाळी एवढा वेळ माझ्याकडे होता. भिंतीवरची पाळ्यांची यादी काढून घेतली, सही केलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे पाळी लिहिली आणि नवे कागद केले. या वेळी प्रत्येकाच्या डोक्यावर अर्जाचा विषय माझ्या अक्षरात, आणि वर एक बोटही जागा मोकळी नाही.

पंगतीला वाढता वाढता मी सांगायला लागले. भाकरी आणि कारण, दोन्ही एकदमच वाढायची. बहुतेकांनी हसत सह्या केल्या. एकजण म्हणाला, "वैनी, तुरुंगात जायचं रद्द झालं काय?"

"ते आहेच. आधी इथे सही कर."

गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा एक पोरगेला गडी होता, तोंडाने फटकळ. त्याचा बाप फौजेत असतानाच वारलेला. तो ताटावरून उठला नाही, पण टाकही घेईना.

"आमच्या घोषणेची लाज वाटायला लागली तुम्हाला?"

"माझी पण घोषणा आहे ती. मैदानात माझ्यापेक्षा मोठ्याने देऊन दाखव."

"मग त्याच्या दारात जाऊन पाया पडणार?"

"पाया कशाला पडू? फौजेने शब्द लिहून दिलाय, तो मागणार. ज्याच्याकडे मागायचा त्याच्याच तोंडावर घोषणा मारली तर तो घोषणेला उत्तर देईल. अर्जाला द्यायला त्याला वेळ उरायचा नाही."

"घोषणेशिवाय मी सही करीत नाही."

"नको करू. आमटी घे."

त्याने आमटी घेतली. सही केली नाही. त्याच्या नावापुढची जागा मी तशीच सोडली, दुसऱ्या कोणाला लिहू दिलं नाही.

पहिल्या मजल्यावर एक म्हातारी होती, तिचा मुलगा सरहद्दीवर गेलेला. तिचा अंगठा परत घ्यायला गेले तर तिने आधी शाई बघितली, मग मला बघितलं. "पयलो अंगठो खोटो होतो काय?"

"खरा होता, आजी. कागद खोटा झाला."

"कागदाचो दोष, आणि काळो आमचो अंगठो," असं म्हणत तिने उठवला. आधीपेक्षा चांगला उठला.

गुरुवारी रात्रपाळीच्या शेवटच्या गड्याने सही केली तेव्हा आठ वाजले होते. अठ्ठावन्न सह्या झाल्या. आधी बासष्ट होत्या. मी अर्ज, पत्रकाची नक्कल, डिस्चार्जचा कागद आणि मुलीचं पुस्तक या क्रमाने लावून टाचले. हे मात्र येणार नाही म्हणत होते. नऊला बघते तर इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे.

दादरला त्या आमदारांच्या घरी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसवलं. ते आले, वयस्कर, धोतर-कोट, घाईत. अर्ज उभ्यानेच वाचला. मग खुर्चीत बसून सह्या चाळल्या.

"लालबागच्या?"

"हो."

"तुमच्या भागात आम्हाला सभा घेता येत नाही, बाई. दगड येतात."

"येतात," मी म्हटलं. "आम्ही तुम्हाला मत दिलं नव्हतं, पुढेही देऊ असं सांगत नाही. पण हा शब्द कुठल्या पक्षाने दिलेला नाही. शिक्का फौजेचा आहे, आणि तो मिळाला तेव्हा तुमचं-आमचं भांडणही सुरू झालं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग सह्यांपुढच्या तारखांकडे. "या सगळ्या सह्या दोन दिवसांतल्या. भेट ठरून तर आठवडा झाला."

खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आधीच्या कागदांवर वर घोषणा लिहिली गेली होती. सवयीने. म्हणून परत घेतल्या."

"ते कागद कुठे आहेत?"

"घरी."

"आणायचे होते. मला बघायचे होते." ते हसले नाहीत, पण आवाज खाली आला. यांच्याकडे वळून म्हणाले, "हवालदार, तुमचं काय म्हणणं?"

हे उभे राहिले. आखडलेल्या पायाने जेवढं ताठ होता येतं तेवढे ताठ. आणि म्हणाले, "साहेब, मला इस्पितळ नको. पायाचं मी बघून घेईन. माझी जागा मुलीला द्या."

यांनी हे मला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी घरीच थांबवलं असतं. आमदारांनी पेन हातात घेतलंच होतं.

"साहेब, ते लिहू नका," मी म्हटलं. "बाप म्हणून बोलले ते. एकाचं काढून दुसऱ्याला द्या असा आमचा अर्ज नाही. कागदावर तिघांचाही हक्क आहे. तिघांचंही पाहिजे. आणि खाली अठ्ठावन्न घरं आहेत, त्यांनी कोणी आपली जागा सोडलेली नाही."

"तू गप्प," हे हळूच म्हणाले.

"तुम्ही बसा. पाय दुखेल."

आमदार पेन टेकवून थांबले होते. मग त्यांनी अर्जाच्या समासात चार ओळी लिहिल्या. मी उलट्या बाजूने वाचल्या, तेवढं मला येतं. यांच्या बोलण्याचा त्यात उल्लेख नव्हता. चालू उपचार खंडित करू नयेत, आणि दिलेल्या लेखी आश्वासनाचा पूर्ण विचार व्हावा, एवढंच. खाली सही. "आजच तार करतो," ते म्हणाले. "निकाल माझ्या हातात नाही."

परतताना परळच्या नाक्यावर हे म्हणाले, "मी चुकलो काय?"

"चुकलात. पण मुलीला सांगू नका, तिला आवडेल."

एक तारीख आली, गेली. आमदारांच्या घरी दोनदा निरोप पाठवला, उत्तर आलं नाही. मी औषधाच्या सहा दुकानांची यादी केली आणि सहाही पालथी घातली. एकाने 'पुढच्या आठवड्यात बघा' म्हणून सांगितलं. तेवढंच हाती होतं. तरी दहा ऑगस्टला, सोमवारी, मुलीला वेणी घालून तयार केलं. सासूबाई म्हणाल्या, "उगाच हेलपाटा." मी म्हटलं, "नाही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं. मी घरी बसून त्यांचं काम का करू?"

खिडकीवर तोच कारकून होता. मुलीचं पुस्तक त्याने घेतलं, बाजूच्या फायलीत काहीतरी शोधलं. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. पान उलटलं, परत मागे आलं.

"जुने उपचार चालू ठेवायचे, पुढील आदेशापर्यंत," तो म्हणाला. "शनिवारी आलंय. नवीन नावं मात्र घ्यायची नाहीत."

नवीन नावं न घेण्याबद्दल मला पुष्कळ बोलायचं होतं. अठ्ठावन्न घरांपैकी उपचार चालू असलेली अकराच होती, बाकीच्यांसाठी दुसरा अर्ज लागणार हे तिथल्या तिथे डोक्यात आलं. पण आधी पुस्तकावर शिक्का मारून घेतला.

नर्सने मुलीला आत नेलं. सुई मोठी असायची, औषध घट्ट, दुखायचं फार. ती कधी रडायची नाही, फक्त बाहेर आली की लंगडायची, थेट आपल्या बापासारखी. फाटकापर्यंत तशीच आली आणि तिने विचारलं, "आई, आता परत कधी?"

"एकतीस तारखेला," मी म्हटलं.