मयत उचलण्याआधी सारवलेली जमीन

पेन्शन घेऊन घरी बसल्यावर पुष्कळ गुन्हे विसरलो. हा एक मात्र काही केल्या विसरता येत नाही.

जुन्नर-आंबेगाव भागात मी तेव्हा फौजदार होतो. डोंगरातल्या एका वाडीचा शेतकरी ठाण्यात आला. त्याचा धाकटा भाऊ उलट्या होऊन मेला होता आणि पाटलाने पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, नोंद करून दहनही उरकले होते. "पटकी कसली, सरकार! त्याच्या बायकूनं भाकरीत इख घातलं," तो म्हणाला. मी वाडीत गेलो, तर वाडीही तेच बोलत होती. ती पोरसवदा विधवा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या गळ्याशी फास आल्यातच जमा होता.

"आता पुरावा काय माझ्या कपाळातून काढू?" मी पाटलावर खेकसलो.

पोरगी एवढेच म्हणाली, "जेवले न्हाईत. भाऊजींच्या संगं पिऊन आले न् पडले." मग शेजारीण पुढे आली. "मयत उचलल्यावर सारवत्यात, साहेब. हितं मयत घरात व्हतं तवाच म्हातारीनं सारवलं."

म्हातारी म्हणजे मेलेल्याची आई. पंच घेऊन आत गेलो, तर ती नेमकी त्याच जागी फतकल मारून बसलेली. उठेना. शेवटी बायकांनी धरून उठवली. शेणाचा थर खरवडला, तर खाली उलटीने भिजलेली माती जशीच्या तशी होती. ती माती, सुनेची परात नि तवा आणि थोरल्याचे दारूचे गाडगे, सगळे लाखेने सील करून मुंबईला केमिकल अ‍ॅनालायझरकडे पाठवले.

अहवाल आला. मातीत सोमलाचे विष, गाडग्यातही सोमल. सुनेची भांडी स्वच्छ.

थोरल्याने आधी उडवाउडवी केली. कागद वाचून दाखवल्यावर मात्र कबूल झाला. भातखाचराच्या वाटणीपायी भाऊ मारला होता, आणि त्याच्या विधवेलाही वाटा मागता येऊ नये म्हणून आळ तिच्यावर घातला होता! म्हातारीने माझे पाय धरले. "एक गेला, साहेब. दुसरा तरी ऱ्हाऊ द्या."

"आणि ही पोर फासावर गेली असती तर?"

"ती परक्याची हाय," ती म्हणाली. मला तिचा संताप आला आणि कीवही आली.

थोरल्याला फाशी झाली, सून माहेरी गेली. पुढे एकदा त्या वाटेने जाताना म्हातारीकडे पाणी मागितले. घर लख्ख सारवलेले होते. मी खरवडलेला खड्डा तेवढा तसाच होता.

"हा का ठेवलास?"

"तितं हात जात न्हाई, साहेब."

तपास बरोबरच केला होता. पुन्हा वेळ आली तरी तसाच करीन. पण त्या बाईसमोर मला ते बोलवले नाही.