चांदभाईंची दरड

चांदभाई दगड चाटायचे. ओढ्यात उकिडवे बसून एकेक खडा जिभेला लावायचे आणि एखादा चिकटला की ओरडायचे, "मास्तर, ह्यो दगुड न्हाई, हाड हाय!" दगड झालेलं जुनं हाड जीभ धरून ठेवतं, हे मला कुठे ठाऊक? पहिल्यांदा पाहिलं तेव्हा या बाबाचं डोकं फिरलंय, असंच मला वाटलं.

महायुद्धाच्या दिवसांत माझी बदली नेवाशाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत झाली. चांदभाईंची तिथे चुन्याची भट्टी होती. ओढ्याच्या उंच दरडीतून चुनखडी खणायची आणि भाजायची, हा बापापासूनचा धंदा. त्याच दरडीत, गोट्यांच्या थरात, कुठल्याशा प्रचंड जनावरांची हाडं रुतून बसली होती. बापाच्या काळी तीही चुनखडीबरोबर भट्टीत गेली. चांदभाई हळहळायचे, "काय भाजलं, त्ये आमालाच ठावं नव्हतं."

एकदा मी मोठ्या हौसेने विटेएवढी दाढ उपटून शाळेत नेली. शाबासकी राहिली बाजूला, चांदभाईंनी मला चांगलंच फैलावर घेतलं. "कंच्या थरातली? वरल्या का खालल्या? सांगा की! जागा गेली, आता निस्तं हाड ऱ्हायलं." मी थर पाहिलाच नव्हता. तेव्हापासून हाड दिसलं की ते शेजारी चुन्याचं बोट उमटवायचे आणि मी थर मोजून वहीत दरडीचं चित्र काढायचो. हाडाला मात्र हात लावायचा नाही.

पुढे रस्त्याचं काम निघालं. मुकादमाला गोटे हवे होते आणि दरड आयती समोर होती. मी घाबरलो. म्हटलं, "शेंदूर फासू या, चांदभाई. देवाला कोण हात लावतोय?" युक्तीवर मी भलताच खूश होतो.

"पाया पडत्याल मास्तर, पर बघनार न्हाईत कुनी," ते म्हणाले. "आन शेंदराखालचं हाड तुमी तरी कसं वळकनार?"

ते सरळ मुकादमाकडे गेले. त्याला दरडीशी आणून एकेक हाड दाखवलं. एक खडा चाटायलाही लावला! मुकादम चकित झाला, पण बेरकी होता. म्हणाला, "मंग तुमी कसं काय खनता हितं? आमालाच तेवढी बंदी व्हय?"

चांदभाईंचं पोट त्या दरडीवर होतं. तरी त्यांनी खांद्यावरची कुदळ खाली ठेवली. "आजपास्नं मीबी न्हाई खननार. झालं?"

दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या गाड्या गोट्यांसाठी ओढ्याच्या वरच्या अंगाला, उघड्या पात्रात गेल्या. चांदभाई मात्र पुढे दोन कोसांवरून चुनखडी आणत राहिले. बायको कुरकुरायची, गाव हसायचं. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटायचा.

माझी पुन्हा बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला आम्ही दरडीशी बसलो. पावसाने नुकतंच एक नवं हाड बोटभर उघडं पाडलं होतं. मी हळहळलो, "आत अजून किती असेल, आणि आपल्याला बघायला मिळणार नाही."

"समदं आपूनच बघायचं व्हय?" चांदभाई म्हणाले. "मागनं येनाऱ्यालाबी कायतरी घावलं पायजे, मास्तर."