पिलं कोणी कापली

२०२४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. मालकाच्या बागेच्या बांधावर, केळीची गाडी भरणाऱ्या सगळ्या माणसांसमोर उभा होतो. मालक माझ्या पोरीच्या वयाचा. तरी मला अरे-तुरे. मी त्याला भाऊ म्हणतो.

मी एवढंच सांगितलं, "भाऊ, उद्यापासून नात कामावर येणार नाही. जळगावला भरतीच्या क्लासला जाते."

तो हसला. "अरे म्हातारा, जन्म गेला तुझा केळीची पिलं कापण्यात. झाडाच्या बुडाशी चार पिलं फुटली तर किती ठेवतो?"

"एक."

"का?"

"बाकीची ठेवली तर घड भरत नाही."

"मग? नातू आहे ना घरात? त्याला शिकव. पोरीचं पिल कशाला वाढवतो?"

सगळे हसले. गाडीवरून कोणीतरी ओरडलं, "आबाले आबानाच विळावरी कापं!" माझ्याच विळ्यानं मला कापलं, म्हणून मीही हसलो. मान हलवली. लाज वाटते सांगायला, पण हलवली.

कारण हे मला नवं नव्हतं. याच्या बापानं हेच सांगितलं होतं, माझी सुमन सातवीत होती तेव्हा. मी चौथी नापास. एवढा मोठा माणूस आपल्या कामातलं उदाहरण देऊन आपल्याशी बोलतो, याचीच मला ऐट. सुमनची शाळा सोडवली. वर तेच शहाणपण वस्तीत घरोघर सांगत फिरलो. त्या घरांतल्या पोरीही बागेत आल्या.

संध्याकाळी नातीला तेच ऐकवलं. ती सुमनचीच मुलगी. जावई गेल्यापासून सुमन दोन्ही पोरांना घेऊन माझ्याकडेच राहते. नातीच्या हातात बुद्धिमत्ता चाचणीचं पुस्तक होतं. चिडली नाही.

"आबा, असला प्रश्न आम्हाला येतो. एका गोष्टीची दुसरीशी बरोबरी लावतात. ती बरोबरी कुठं फसते, ते ओळखायचं."

"फसत नाही. मी या हातानं कापली पिलं."

"बरं. मी शाळेत गेले म्हणून दादाची शाळा कमी झाली का?"

"नाही."

"आणि मालकाच्या घरात किती पिलं होती?"

तीन. हा आणि दोघी बहिणी. बापानं दोघींना पुण्याला ठेवून शिकवलं. एकीलाही कोणी विळा लावला नाही. घर तर भरलंच.

सुमन चुलीपुढं भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "बा, कापेल पिल्लासमा मी बी शे ना?"

कापलेल्या पिलांत तीही होतीच. केळीचं पिल कापलं तर ओरडत नाही. सुमन रडली होती. मला ऐकू आलं नव्हतं, असं नाही. बोलला मालक. कापणारा मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला जळगावच्या एसटीत बसवलं आणि सरळ बांधावर गेलो.

"भाऊ, पोरगी गेली क्लासला. पोरींना केळीचा कायदा लावायचा असेल तर आधी स्वतःच्या घरात लावायचा."

या वेळी कोणी हसलं नाही.

"कामावरून काढीन," तो म्हणाला.

"काढा."

तिथून वस्तीत आलो. चुलतभावाचं दार वाजवलं. त्याची नात दहावीत. दिवाळीनंतर तिची शाळा सोडवणार, असं तो सांगत होता. तेही माझंच ऐकून.

आतून आवाज आला, "कोन शे?"

म्हटलं, "मी. सांगितलं होतं ते परत घ्यायला आलोय. दार उघड."