यल्लव्वाचे चार मंगळवार

ठकुबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि सुरू व्हायचा तो मिश्रीनं. डबीतली काळी पूड तळहातावर घ्यायची, हिरड्यांवरून बोट फिरवायचं, थुंकायचं, चूळ भरायची. मग भाकरी बांधून ती निघायची आणि सातला बंगळूरच्या चामराजपेटेतल्या दयानंदशेटच्या गोदामात बसायची.

तिथं बाजारातली फाटकी पोती येत. झटकायची, ठिगळ लावायचं, दाभण-सुतळीनं शिवायचं. दिवसाला सत्तर पोती. नव्या बाया पोतं वरून बघून शिवायला घेत. ठकुबाई आधी उलटं करी. भोक आतून दिसतं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कापलेल्या मजुरीनं शिकवलं होतं.

माणसांकडेही ती तशीच बघे. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेनं गोदामात तोंड तपासणीचं शिबिर घेतलं होतं. बायांना पिवळ्या टोप्या घातल्या, तोंडं उघडायला लावून फोटो काढले, कागद आठ दिवसांत मिळतील म्हणाले. कागद आले नाहीत. पुढे बाजारात एका भाजीवालीच्या डोक्यावर छप्पर म्हणून ताणलेला फ्लेक्स ठकुबाईनं पाहिला. त्यावर तिचंच तोंड होतं, आ वासलेलं. खाली कोथिंबीर.

म्हणून यंदा पुण्याची सिद्धी नावाची मुलगी फॉर्म घेऊन आली, तेव्हा ठकुबाईनं दाभण खाली ठेवलं नाही.

"मावशी, तोंडाचा कॅन्सर लवकर सापडावा म्हणून आम्ही काम करतो. इंदिरानगरच्या एका कंपनीनं निधी दिलाय. वस्तीतल्या बायकांना भागीदार करायचंय."

"भागीदार? म्हंजे पैसा तुमचा आन् तोंडं आमची."

बाया हसल्या. सिद्धीही हसली, पण तिचे कान लाल झाले.

"पैसा कुठवर हाय?"

"मार्चपर्यंत."

"आन् मग?"

"मग माहीत नाही, मावशी."

ठकुबाईनं वर पाहिलं. असं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. तरी फॉर्म हातात घेऊन तिनं तो उलटा करून बघितला. मागे कोरा होता.

सिद्धीनं एकेकीला विचारलं, तंबाखू खाता का? चौदा जणी म्हणाल्या, न्हाई. ठकुबाईही म्हणाली. शेजारची यल्लव्वाही म्हणाली. ज्यांना सवय आहे त्यांना येत्या बुधवारी डॉक्टर तपासणार होत्या, बाकीच्यांना नंतर. नंतर म्हणजे कधी, ते ठकुबाईला कळत होतं. सुटलो, असं तिला वाटलं.

पण दुपारी यल्लव्वानं भाकरी पाण्यात बुडवली. तीन महिने ती असंच जेवत होती. चटणी झोंबायची. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. यल्लव्वा धारवाडकडची, चौदा वर्षं ठकुबाईच्या मांडीला मांडी लावून बसलेली. ठकुबाई म्हणेल ते तिला पटायचं. दाखवायला जाऊ का, असं तिनं एकदा विचारलं होतं. ठकुबाई म्हणाली होती, फ्लेक्सवर जायचंय का?

तिसऱ्या दिवशी सिद्धी राहिलेल्या सह्या घ्यायला आली. जेवणं झाली होती. ठकुबाईनं डबी उघडली, यल्लव्वानं बोट पुढे केलं.

"हे काय हो?"

"मिश्री."

"म्हणजे?"

"दात घासायची."

"कशाची असते?"

ठकुबाईचं बोट तोंडाशीच थांबलं. दहा वर्षांची असताना ती निपाणीच्या वखारीत कामाला होती. तिथली पानं आणून आई तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटायची. खाल्ली कुणी नव्हती. घासून थुंकली होती. आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, तिनंही स्वतःला विचारला नव्हता. कोळशाची, असं म्हणता आलं असतं. तिनं यल्लव्वाकडे पाहिलं. यल्लव्वा ओठ मिटून बसली होती.

"तंबाखूची," ठकुबाई म्हणाली.

दाभणं थांबली.

सिद्धीनं हातातल्या चौदा फॉर्मांकडे बघितलं. "यांची यादी तर मी वर पाठवून दिलीय. सगळी चुकली."

आता ही उठून जाईल, असं ठकुबाईला वाटलं. पाठवलेल्या यादीच्या मागे कोण लागतं? पण मुलगी त्या धुळीत फतकल मारून बसली, चौदाही फॉर्मांवर काट मारली, आणि पहिल्या बाईपासून पुन्हा विचारायला लागली. दोन तास लागले. मान एकदाही वर केली नाही. स्वतःची चुकलेली शिवण स्वतः उसवणारं माणूस ठकुबाईनं फार थोडं पाहिलं होतं.

"फोटो काढायचा न्हाई," ती म्हणाली. "आन् कागद यल्लव्वाच्या हातात. तुझ्या न्हाई, माझ्या न्हाई."

"चालेल."

बुधवारी गोदामाच्या अंगणात डॉक्टरबाईंनी यल्लव्वाचा ओठ उलटा केला आणि गालाच्या आत बॅटरी धरली. ठकुबाई खांद्यावरून बघत होती. आत पांढरं होतं, पोत्याच्या आतून उजेड दिसावा तसं. ठकुबाईचं तोंड साफ निघालं.

यल्लव्वाला चार मंगळवार इस्पितळात जावं लागणार होतं. तपासण्या निधीतून, रिक्षा निधीतून.

"आन् मजुरी?" ठकुबाईनं विचारलं.

"त्याची तरतूद नाही," सिद्धी म्हणाली. "मी वर लिहिते."

"लिही. उत्तर येईस्तोवर हिचं तोंड मिटंल."

"ब्याड अक्का," यल्लव्वा म्हणाली. "नको मला. चार दिवस बुडाले तर घरी काय शिजवू?"

"गप. तोंड उघडंना झालंय तरी बडबड थांबंना."

दयानंदशेट एवढंच म्हणाला, की जागा राखतो, पण न शिवलेल्या पोत्याची मजुरी देत नाही. ते ठकुबाईला पटलं. तिनंही दिली नसती.

पहिल्या मंगळवारी ती बरोबर गेली आणि दाराशी बसून राहिली. आत जाणारं आणि बाहेर येणारं प्रत्येक माणूस तिनं न्याहाळलं. गाठोड्यातलं दाभण उगाच चाचपत राहिली. पुढचे तीन मंगळवार यल्लव्वा एकटी गेली.

चौथ्या मंगळवारी कागद यल्लव्वाच्या हातात आला. ठकुबाईनं तो सिद्धीकडून वाचून घेतला, मग सिद्धी गेल्यावर कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून पुन्हा. दोघांनी एकच सांगितलं: कॅन्सर नाही, पण मिश्री सुटली नाही तर होऊ शकतो, आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. मार्चनंतर कुणाला दाखवायचं, ते कागदावर नव्हतं. तिनं कागद उलटा करूनही बघितला.

डबी गटारात गेली. साडेचारला आता दोघी आपापल्या घरी हिरड्यांना मीठ लावतात. यल्लव्वा कुरकुरते, पण लावते.

ठकुबाईच्या ट्रंकेत एक पत्र्याचा डबा होता. बोरमाळेसाठी. म्हातारपणी गळ्यात सोन्याचं काहीतरी असावं म्हणून ती बारा वर्षं त्यात पैसे टाकत आली होती, दाभणानं बोटं भोसकून मिळवलेले. बोरमाळ लांबली. त्या डब्यातून यल्लव्वाच्या चार मंगळवारांची मजुरी गेली.