उभ्या उसाचा आवाज

एसटी नगरच्या माळीवाडा स्टँडात शिरली तेव्हा दुपार झाली होती आणि भास्करशी माझं भांडण मनातल्या मनात अजून चालूच होतं. पहाटेपासूनच्या प्रवासात मी त्याला निदान दहा वेळा निरुत्तर केलं होतं. प्रत्यक्षात मात्र निरुत्तर झाले होते मीच.

बावीस वर्षं मी चित्रपटांच्या ध्वनिसंकलनाचं काम करते. पडद्यावर दार आपटलं तर ते किती जोरात आपटलं, हे मी ठरवते. भास्कर आमच्या नव्या चित्रपटाचा दिग्दर्शक, मूळचा तिसगावचा. त्याचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जायचे, आता दोघंही नाहीत. चित्रपटात तीन मिनिटं पडदा काळाच राहतो. पहाटेच्या अंधारात आई ऊस तोडतेय, ती दिसत नाही, फक्त ऐकू येते. हा प्रसंग मी चार दिवस खपून बांधला. भास्करनं तो ऐकला आणि म्हणाला, "ताई, ही माझी आई नाही."

काय चुकलं, हे त्याला सांगता येईना. शनिवारी शेवटचं मिश्रण (सगळे आवाज एकत्र बसवणं) होतं. तोवर जमलं नाही तर तिथं संगीत घालायचं, असं ठरलं. माझ्या कामावर कुणीतरी बासरीचं पांघरूण घालणार, या कल्पनेनंच माझं डोकं फिरलं. मंगळवारी पहाटे रेकॉर्डर, दोन माईक आणि हेडफोन पिशवीत कोंबून मी घर सोडलं.

नगरहून वडाप (खच्चून भरलेली जीप) मिळाली. करंजीच्या घाटात डोंगर उघडेबोडके, मधूनच एखादं बोरीचं झुडूप. तिसगावात उतरून भास्करच्या मावशीचं, कौसाबाईंचं घर शोधू लागले, तर निम्म्या दारांना कुलपं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऐन जानेवारीत मी ऊसतोड्यांना त्यांच्या गावात शोधत होते. ते सगळे दिवाळी झाल्या झाल्या कारखान्यांकडे गेलेले. ही अक्कल मी मुंबईतच वापरली असती तर बरं झालं असतं.

कौसाबाईंनी मात्र मला परत फिरू दिलं नाही. वीस हंगाम तोड करून गुडघे गेले म्हणून त्या आता घरी असतात. त्यांनी बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी (खडा मसाला वाटून केलेली झणझणीत डाळ) पुढं केली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी मी दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर हेडफोन त्यांच्या कानांना लावून मी माझी तीन मिनिटं ऐकवली. त्यांनी डोळे मिटून घेतले. अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल, हेडफोन काढून त्यांनी माझ्या हातात दिले.

"बाई, ह्यो ऊस आडवा हाय," त्या म्हणाल्या. "उभ्या उसाचा आवाज असा येत न्हाई."

मी गारच पडले. स्टुडिओखालच्या रसवाल्याकडून दोन मोळ्या विकत आणून, फळीवर आडव्या टाकून मीच त्या तोडल्या होत्या. किती स्वच्छ आवाज आला म्हणून स्वतःवर खूशही झाले होते. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या. मग त्यांनी सुनेला, मीराला, फोन लावला. तिची टोळी मिरजगावकडं होती. म्हणजे परत नगर, आणि तिथून सोलापूर रस्ता. पाय ओढतच, पण निघाले.

बुधवारी दहाच्या सुमाराला मी फडात पोचले. मीरा पस्तिशीची, लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट चढवलेला. नवरा-बायको मिळून इथं 'एक कोयता' मोजतात, असे नऊ कोयते कामाला होते. बांधावरच्या ट्रॅक्टरवर गाणी ठणाणत होती. ड्रायव्हरच्या विनवण्या केल्या तेव्हा त्यानं तासाभरासाठी ती बंद केली, पण तोंड पाडून बसला. तरी पहिला अर्धा तास वायाच गेला. माझा माईक बघून सगळे फोटोला उभं राहिल्यासारखे जपून तोडत होते.

शेवटी मीरानं कोयताच माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्या दोन घाव घातले, ऊस नुसता हलला.

"वाकल्याबिगर न्हाई तुटायचा," ती म्हणाली. "मातीला लागून घाव घाला. वर खुंट ऱ्हायला तर मुकादम वरडतो."

मी वाकले. कानांवर हेडफोन तसेच होते. चौथ्या की पाचव्या घावाला माझ्याच छातीतून 'हुं' असा दम बाहेर पडला आणि तो मला कोयत्यापेक्षा मोठा ऐकू आला. मी तशीच ओणवी थांबले. आमच्या नटीनं डबिंगच्या वेळी प्रत्येक घावाला असाच श्वास दिला होता. नको तो आवाज म्हणून अर्धा दिवस घालवून मी तो एकेक करून काढून टाकला होता. मला स्वतःची लाज वाटली.

मग छोटा माईक मीराच्या शर्टाच्या कॉलरला लावला आणि दुसरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून मी तिच्या मागं मागं पाचटात (उसाच्या वाळक्या पानांत) रांगत राहिले. थोड्या वेळानं ती मला विसरली. दुपारची भाकरी खायला बाया बसल्या तेव्हा माझे कोपर सोलवटले होते आणि ड्रायव्हरनं मला न विचारताच गाणी सुरू केली होती. मला हवं ते मिळालं होतं. श्रेयनामावलीत मीराचं नाव घालायचं मी कबूल केलं, त्यावर तिनं सासूचंही घाला म्हणून सांगितलं.

गुरुवारी मुंबईत परतले ती थेट स्टुडिओत. शुक्रवारी भास्करला बसवलं आणि दिवा मालवला. पहिल्या घावालाच तो पुढं सरकला. तीन मिनिटं संपली.

"घाव आईचाच आहे," तो म्हणाला. "कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत) पडल्या पडल्या आम्ही पोरं असाच ऐकायचो. पण हा दम तिथवर कधी आला नाही. ती परत यायची ती हसतच यायची." तो माझ्याकडं वळला. "ताई, तेवढा श्वास काढा. हवं तर संगीत घाला. मला ऐकवत नाही."

"बावीस वर्षं तेच काढत आले, भास्कर," मी म्हणाले. "हा नाही काढणार."

तो बराच वेळ रडला. मी उठले नाही, आणि यंत्रावरचा हातही काढला नाही. मग डोळे पुसून त्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं.

शनिवारी मिश्रण झालं. त्या तीन मिनिटांत संगीत नाही.