कानाने शिकलेला बॉयलर

लोटे गावच्या एका रसायन कारखान्यात योगिनी कदम नऊ वर्षं बॉयलर सांभाळत होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई. बॉयलरचा सूर जरा बदलला, की हातातला घास डब्यात ठेवून उठायची. पण कागदोपत्री बॉयलर तिचा नव्हता, पाध्ये साहेबांचा होता. बॉयलर चालवणाऱ्या इंजिनिअरला सरकारी परीक्षा द्यावी लागते, आणि ती पास झालेले तिथे ते एकटेच. मार्चअखेर साहेब निवृत्त होणार होते.

"हे बघ," साहेब म्हणाले. दर दोन शब्दांनंतर चष्मा पुसायला थांबल्यासारखं बोलायची त्यांची रीत. "पास झालीस... तर बॉयलर तुझा. नाही झालीस... तर कंपनी बाहेरून माणूस आणणार. सर्टिफिकेटवाला. आणि कुठला व्हॉल्व्ह कुठे... ते त्याला... तूच शिकवणार."

बाकी सगळं ठीक होतं, पण हे शेवटचं तिला मिरचीसारखं झोंबलं. त्याच संध्याकाळी तिने ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. बासष्ट लेक्चरं!

आता ती ऐकायची कधी? घरी पाऊल टाकलं, की छोट्या ईशाचा गृहपाठ, सासूबाईंच्या गोळ्या आणि नवऱ्याचं, संदेशचं, "माझा चार्जर बघितलास का?" हाताशी मोकळा वेळ एकच, कंपनीच्या बसचा. पोफळीहून लोट्यापर्यंत जायला सवा तास, यायला सवा तास. पण परशुराम घाटात मान खाली घातली, की तिच्या पोटातलं सगळं वर यायचं. एवढ्या वर्षांत तिने बसमध्ये फोनवरचा साधा मेसेजही वाचला नव्हता. म्हणून फोन पर्समध्ये, वायर कानात आणि नजर समोरच्या काचेवर, असा अभ्यास सुरू झाला. वायरचं दुसरं टोक शेजारच्या येसूबाईच्या कानात. येसूबाई कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची आणि फुकटचं काही वाया गेलेलं तिला बघवत नसे.

कोर्सचे सर म्हणजे घाट उतरताना ब्रेक गेलेला ट्रक. "तर मित्रहो! काय म्हणालो मी? पाणी हे इथून येतं, ह्याच्यातून असं फिरतं, आणि हे बघा, हे तिकडे जातं! कळलं? कळलंच पाहिजे! चला पुढे!"

"मेला श्वास कधी घेतो गो?" येसूबाई म्हणायची.

पंधरा दिवसांत सरांची बोली बसभर पसरली. ड्रायव्हर सदूभाऊ प्रत्येक थांब्यावर ओरडायचे, "सगळे बसले? बसलेच पाहिजेत!" आणि मागून अख्खी बस, "चला पुढे!" कँटीनमध्ये येसूबाई डाव हवेत धरून विचारायची, "बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह किती, योगिनी?"

"दोन."

"एक का नाय?"

"एक अडकला तर दुसरा उघडायला."

"शाबास. घे आमटी."

मागे रांगेत उभा असलेला भिकाजी फिटर कुरकुरायचा, "आम्हाला पण आमटी मिळते का, की परीक्षा द्यावी लागते?"

परीक्षेला अकरा दिवस राहिले तेव्हा बासष्टही लेक्चरं संपली होती. रविवारी योगिनीने टेबल पुसलं, पेन्सिलीला टोक केलं आणि कोर्सची सराव परीक्षा उघडली. पहिलाच प्रश्न: बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या व्यवस्थेची स्वच्छ आकृती काढा, भागांना नावं द्या.

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथेच राहिली. पाणी "हे इथून" येतं. पण इथून म्हणजे कुठून? "असं" फिरतं म्हणजे कसं? सर बासष्ट लेक्चरं फळ्याकडे बोट दाखवत बोलले होते, आणि बाईसाहेबांनी त्यांचा फळा एकदाही बघितला नव्हता! बाकीचे प्रश्न तोंडपाठ, आकृत्यांच्या जागी कोरे चौकोन. शंभरात एकतीस गुण.

सोमवारी ती साहेबांपुढे उभी राहिली. "मला नाही जमायचं. बोलवा तुमचा सर्टिफिकेटवाला."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. या वेळी चष्मा खरोखरच पुसला. "आकृती... शोधतेस कुठे? नऊ वर्षं... बाहेर उभी आहे ती."

त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत योगिनी पॅड घेऊन बॉयलरभोवती फिरू लागली. टाकीपासून निघायची, पाइपाचं बोट धरून पंपाला, पंपापासून बॉयलरला. दिसेल ते काढायची. येसूबाई तिथेच डबा आणून द्यायची आणि बजावायची, "तो लाल दांडा राहिला बघ." आठवडाभरात वही भरली.

परीक्षा मुंबईत होती. लेखीला नेमकी तीच आकृती आली. योगिनीने डोळे मिटले, मनातल्या मनात टाकीपाशी जाऊन उभी राहिली आणि चालायला लागली.

तोंडी परीक्षेला तीन साहेब बसलेले. मधल्यांच्या हातात तिची उत्तरपत्रिका. त्यांचा आवाज स्टीलच्या पिंपातून आल्यासारखा. "बाई, तुमची ही पाइपलाइन मध्येच वाकडी का झालीय?"

"तिथे खांब आहे सर."

"बॉयलरच्या आकृतीत खांब?"

"खांब आधीचा आहे सर. बॉयलर नंतर आला."

डावीकडचे साहेब खोकले. हसू लपवायचा तो खोकला. पिंपातला आवाज मात्र तसाच होता. "कुठल्या पुस्तकात नाही असं. आणि पाणी मागे फिरू नये म्हणून जो व्हॉल्व्ह लागतो, तो खांबामागे दाखवलाय. विसरलात आणि मागाहून घुसवलात ना?"

योगिनीला सरांच्या लेक्चरातलं एकही वाक्य आठवेना. मग ती जे होतं तेच बोलली. "नाही सर, तो तिथेच आहे. समोरून दिसत नाही, वाकावं लागतं. दोनदा कपाळ आपटलंय माझं. पंप बंद केला की त्याचा टक्क असा आवाज येतो. नाही आला, तर तो बसलेला नाही, पाणी मागे येतंय. मी रोज ऐकते."

मधल्या साहेबांनी कागद खाली ठेवला. "रोज?"

"सुट्टी सोडून, सर."

निकाल फेब्रुवारीत लागला. पास. बसमध्ये येसूबाईने "आम्ही पास झालो" म्हणून पेढे वाटले आणि भिकाजीला मुद्दाम अर्धाच दिला.

एक एप्रिलला सकाळी सही रजिस्टरवर योगिनीची पडली. निवृत्त झालेले पाध्ये साहेब सवयीने आलेच होते. इस्त्रीचा शर्ट घालून ते बर्नरच्या बटणापाशी उभे राहिले आणि जन्मात पहिल्यांदा न थांबता बोलले, "मॅडम, चालू करू का?"

"हात खाली घ्या साहेब," योगिनी म्हणाली. "आधी मी पाण्याची पातळी बघते."